घरट्यातला शेवटचा आठवडा

भाद्रपद वद्य द्वितीयेच्या सकाळी मुरबाडच्या बाजारपेठेतील एका धान्य-किराणा दुकानासमोर बांबू उतरले. पितृपक्षात खरेदी मंदावते. म्हणून अनेक व्यापारी घरे दिवाळीचे रंगकाम याच पंधरवड्यात उरकून घेतात. खाली दुकान व वर राहते घर असलेल्या या दुमजली इमारतीचे काम ठेकेदाराने घेतले होते, आगाऊ रक्कमही दिली गेली होती. परांची बांधण्यापूर्वी ठेकेदाराने वर पाहिले. पहिल्या मजल्याच्या सज्जाखाली, स्लॅब आणि तुळई जिथे मिळतात त्या कोनात, मातीच्या पाच अर्धवट वाट्या चिकटवल्यासारख्या दिसत होत्या.

"शेठ, पत्र्याने खरवडून टाकतो. दहा मिनिटांचं काम आहे," तो म्हणाला.

वरच्या गॅलरीत माळ बाजूला ठेवून उभ्या असलेल्या बांनी ते ऐकले. "भाऊ, तीन वाट्यांत पिल्लं आहेत. समोरची बाजू आज नको," एवढेच त्या बोलल्या. शेठजींपुढे मात्र हिशोब उभा राहिला. समोरची बाजू मागे टाकली तर परांची नवरात्रात दुकानाच्या तोंडावर उभी राहणार, आणि गिऱ्हाईक बांबूंतून वाट काढत आत येणार. त्यांनी आईला विचारले, "बा, किती दिवस?"

हा प्रश्न अनेक घरांत विचारला जातो आणि बहुधा अंदाजानेच त्याचे उत्तर दिले जाते. तेथे मात्र उत्तराला आधार होता. पाकोळ्यांच्या चोचींत प्रथम भक्ष्य दिसू लागले, तो दिवस संवत्सरीचा होता आणि बांच्या नातीने तो वहीत टिपून ठेवला होता. आईबाप चोचीत काही घेऊन घरट्यात शिरू लागले की अंडी फुटली असे समजावे. तेथून साडेतीन आठवडे मोजले तर उत्तर निघते. वद्य द्वितीयेला पिल्लांचे चौदा दिवस झाले होते, म्हणजे अजून दहा-अकरा दिवस हवे होते.

या पाखराची नीट ओळख करून द्यायला हवी, कारण 'पाकोळी' या एकाच नावाखाली दोन अगदी निराळ्या कुळांतले पक्षी ओळखले जातात. संध्याकाळी जुन्या इमारतींभोवती किंचाळत घिरट्या घालणारी, पांढऱ्या कमरेची, कोयत्यासारख्या पंखांची पाकोळी निराळी. ती तारेवर कधीही बसत नाही; तिचे पाय केवळ भिंतीला लटकण्यापुरते असतात. मुरबाडच्या सज्जाखालची पाकोळी भिंगरीच्या कुळातली आहे. सुमारे तेरा सेंटिमीटर लांबीचा, काजळी बसल्यासारख्या तपकिरी रंगाचा हा पक्षी तारेवर, कठड्यावर निवांत बसतो. शेपूट आखूड आणि चौकोनी असते. वळताना ती पसरली की तिच्यावर पांढऱ्या ठिपक्यांची एक ओळ क्षणभर चमकते, आणि तीच त्याची खात्रीची खूण. कातळकड्यांवर राहणारी म्हणून तिला कातळपाकोळी म्हणावे.

शास्त्राच्या दप्तरात या पक्ष्याची नोंद १८३२ साली झाली. मुंबई इलाख्याच्या सैन्यातील अधिकारी विल्यम हेन्री साइक्स याने दख्खनमध्ये पाहिलेल्या पक्ष्यांची यादी प्रसिद्ध केली, तीत याचे वर्णन आहे. त्याने दिलेल्या 'कॉन्कलर' या नावाचा अर्थ एकरंगी. हा साइक्स मुरबाडकरांना अगदीच परका नाही. तालुक्यातील वैशाखरे गावाजवळून वर चढणाऱ्या नाणेघाटातील ब्राह्मी शिलालेखांकडे विद्वानांचे लक्ष वेधणाऱ्यांत तो अग्रभागी होता. सातवाहनकाळी कल्याण-सोपाऱ्याचा माल याच घाटाने जुन्नरकडे जाई. घाटमाथ्यावरचा दगडी रांजण जकातीचा म्हणून आजही दाखवला जातो. व्यापाऱ्यांची वाट आणि या पाखराचे कातळ असे एकाच डोंगररांगेत आहेत. पुढे वाट खाली कल्याण-नगर रस्त्यावर आली, बाजारपेठा वाढल्या, कौलारू घरांच्या जागी सिमेंटचे सज्जे आले. पाकोळीच्या दृष्टीने सज्जा म्हणजे एक बुटका कडाच: वर छत, पाठीशी उभी भिंत, समोर मोकळी हवा. माणसाने तिच्यासाठी म्हणून काही केले नाही, तरी तिची सोय झाली.

घरटे बांधण्याचे कष्ट पाहण्यासारखे असतात. ओल्या चिखलाची गोळी चोचीतून आणायची, भिंतीला दाबायची, ती थोडी सुकू द्यायची आणि मग दुसरी लावायची. पावसाळ्यात चिखल भाताच्या बांधावर मिळतो. एरवी गळका नळ किंवा एखादे चालू बांधकामही पुरते. आतून गवत आणि पिसांचे मऊ अस्तर असते. त्यात दोन ते चार अंडी, पांढरी, तपकिरी ठिपक्यांची. भरवण्याचे काम नर आणि मादी दोघेही करतात. एकदा उभे राहिलेले घरटे पुन्हा वापरले जाते, वर्षातून दोनदाही. त्यामुळे रिकामी वाटी टाकाऊ समजून पाडली तर पुढच्या विणीचे भांडवलच जाते.

येथे एक गोष्ट मोकळेपणाने लिहिली पाहिजे. कबुतराला, चिमणीला दाणे टाकण्याची सवय आपल्या घरांना पिढ्यान्पिढ्या आहे. पाकोळी दाण्याला चोच लावत नाही. डास, माश्या, पंख फुटलेली वाळवी असे उडते कीटक ती हवेतच टिपते. दाणापाण्याचे पुण्य हिच्या बाबतीत पदरी पडत नाही, म्हणून कोणी तिच्याकडे दुर्लक्षही करतात. पण निसर्गाने ज्याला जो आहार दिला त्यावरून पाखराला तोलण्याचे कारण नाही. हिला माणसाकडून अन्न नको, भिंतीचा एक कोपरा आणि काही दिवसांची मुदत हवी. जयणा म्हणजे जपून वागणे, हा अर्थ इथे दाणे टाकण्यापेक्षा हात आवरण्यात अधिक आहे.

शेठजींनी अखेर ठेकेदाराला इमारतीच्या मागच्या आणि बाजूच्या भिंती आधी घ्यायला सांगितले. ठेकेदार कुरकुरला, परांची दोनदा बांधायची म्हणजे मजुरी वाढणार. थोड्या घासाघिशीनंतर वाढीव मजुरी ठरली. मग नातीच्या वहीत रोजच्या नोंदी सुरू झाल्या.

पहिल्या दोन आठवड्यांत खालून फारसे दिसत नाही. आईबाप पिल्लांची विष्ठा चोचीतून उचलून दूर टाकतात, त्यामुळे खाली घाणही पडत नाही. पुढे पिल्ले स्वतःच पाठ फिरवून कडेवरून विष्ठा टाकू लागतात, आणि दुकानदाराचा संयम नेमका तेव्हाच सुटतो. मुरबाडच्या त्या दुकानात खाली तांदळाची पोती होती. घरट्याच्या हातभर खाली एक फळी दोरीने अडकवली आणि पोत्यांवर जुने बारदान टाकले, तेवढ्याने प्रश्न मिटला.

अठराव्या दिवसापासून खरा देखावा सुरू झाला. वाटीच्या काठावर पिवळ्या कडांची तीन तोंडे ओळीने दिसू लागली. पिल्ले एकेक पंख ताणत, पुन्हा मिटत, काठ घट्ट धरून जागच्या जागी पंख फडफडवत. ती आता जवळजवळ आईबापांएवढीच दिसत होती, फक्त शेपटी अजून तोकडी होती. नातीने लिहिले: 'आज आई-बाबा कमी वेळा आले. पिल्लं उपाशी आहेत का?' अशी शंका बहुतेकांना येते आणि तीपोटी नको तो उपचार होतो, कोणी शिडी लावून दुधात भिजवलेला पाव भरवू पाहतो. वस्तुतः भिंगरीच्या कुळात पिल्ले एका टप्प्यावर आईबापांपेक्षाही वजनदार झालेली असतात. पिसे पक्व होताना ते वजन उतरते आणि शरीर उडण्याजोगे हलके होते. आईबाप चोचीत भक्ष्य घेऊन काठापर्यंत येतात, हवेत क्षणभर तरंगतात, न भरवताच समोरच्या तारेवर जाऊन बोलावत राहतात. पाहणाऱ्याला ते निष्ठुर वाटते.

सर्वांत नाजूक दिवसही हेच. आठ दिवसांच्या पिल्लाजवळ हात गेला तर ते घरट्यात दबून बसते. बावीस दिवसांचे पिल्लू उडी मारते, आणि पंख अपुरे असल्याने खाली पडते. मुदत ठेव मोडली तर थोड्या व्याजावर भागते, इथे मुदतीपूर्वी उडालेले पिल्लू मांजराच्या किंवा चाकाच्या वाट्याला जाते.

या बाबतीत उत्तर अमेरिकेतील एका नातेवाईक पक्ष्याचा अनुभव उपयोगी आहे. जांभळट-निळ्या झळाळीची मार्टिन ही तेथील मोठी भिंगरी. रॉकी पर्वताच्या पूर्वेस ती आता जवळजवळ पूर्णपणे माणसाने उभारलेल्या घरट्यांवर अवलंबून आहे. मूळ रहिवासी जमाती पोकळ भोपळ्याचे तुंबे खांबाला टांगून तिला जागा देत. आज हजारो कुटुंबे परसात अशी तुंब्यांची वा लाकडी खोल्यांची वसाहत सांभाळतात, अंडी कधी घातली, कधी फुटली याची तारीखवार नोंद ठेवतात. हिवाळ्यात हे पक्षी दक्षिण अमेरिकेत जातात आणि वसंतात परततात. मार्टिनची पिल्ले साधारण सव्वीस ते बत्तीस दिवसांत उडतात. पण जाणते पालक बाविसाव्या दिवसाच्या सुमारासच घरट्यात डोकावणे बंद करतात. त्यानंतर पाहायचे ते दुरूनच. नोंदवही ठेवण्याचा खरा उपयोग हाच आहे: कोणत्या दिवशी हात मागे घ्यायचा, हे ती सांगते.

मुरबाडला वद्य नवमीला नको तेच घडले. बाजूच्या भिंतीवरून उतरवलेला एक बांबू निसटून गॅलरीच्या कठड्यावर आदळला. त्या आवाजाने पहिल्या वाटीतले एक पिल्लू झेपावले, समोरच्या मोटारसायकलीला धडकून रस्त्यावर बसले. एका हमालाने ते टोपीत उचलले. बांना लहानपणापासून ऐकलेले आठवले, की माणसाने शिवलेले पाखरू आई परत घेत नाही. ही समजूत खोटी आहे. असल्या पाखरांत आईबाप पिल्लाला ओळखतात ते आवाजाने आणि जागेने, माणसाच्या स्पर्शामुळे ती त्याला टाकत नाहीत. ठेकेदारानेच शिडी लावून पिल्लू वाटीत ठेवले, आणि ते पुन्हा उडी मारू नये म्हणून शांत होईपर्यंत मिनिटभर तळहाताने झाकून धरले. अर्ध्या तासाने मादी आली आणि भरवून गेली. घरटेच मोडले असेल, तर कापडाचे अस्तर घातलेली लहानशी टोपली किंवा खोका त्याच जागी उंचावर बांधावा. पाणी चोचीत ओतू नये, ते श्वासनलिकेत जाते.

ठेकेदार ज्या कामाला दहा मिनिटे म्हणत होता, ते कायद्यातही बसत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात वन्य पक्ष्यांची अंडी वा घरटी नष्ट करणे आणि त्यांना उपद्रव देणे यांचा 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येतच समावेश केला आहे. रंगाच्या पत्र्यापेक्षाही अलीकडे मोठा धोका कबुतरांसाठी लावल्या जाणाऱ्या जाळीचा आहे. जाळी लावणारा माणूस सकाळी येतो, दुपारपर्यंत गॅलऱ्या बंद करून जातो. आत घरट्यात पिल्ले असतील तर आईबाप बाहेर आपटत राहतात. जाळी लावायची असेल तर आधी छताचे चारही कोन नजरेखालून घालावेत आणि पिल्ले असतील तर तारीख पुढे ढकलावी.

वद्य त्रयोदशीला, उन्हे वर येण्याआधी, पहिल्या वाटीतले एक पिल्लू तारेपर्यंत गेले. त्याचे बसणे डळमळीत होते. पाठोपाठ दुसरे सज्जावर उतरले. पडलेले पिल्लू कोणते, हे आता ओळखता येत नव्हते. दुपारपर्यंत वाटी रिकामी झाली. दुसरी वाटीही त्याच दिवशी मोकळी झाली. शेठजींनी ठेकेदाराला फोन लावला, तोच संध्याकाळी सगळी पिल्ले परत आली आणि एकमेकांवर रेटारेटी करीत वाट्यांत शिरली. उडू लागल्यानंतरही काही रात्री ती घरट्यात झोपायला येतात, हे घरात कोणाला ठाऊक नव्हते. फोन पुन्हा करावा लागला.

तिसऱ्या वाटीतली पिल्ले तीन दिवसांनी लहान होती. त्यात अमावास्येला परतीचा पाऊस आला, दोन दिवस हवेत कीटकच उडेनात, आणि भरवणे मंदावले तशी वाढही रेंगाळली. घटस्थापना झाली, बाजारात गर्दी सुरू झाली, आणि दुकानाच्या दर्शनी भिंतीवर मागच्या वर्षीचा रंग पावसाने पोपडे धरलेला तसाच राहिला. शेजारच्या दुकानदाराने थट्टाही केली. आश्विन शुद्ध चतुर्थीला शेवटचे पिल्लू तारेवर गेले. नंतरच्या चार रात्री नात टॉर्च न लावता, गॅलरीच्या दारातूनच वाट्यांत कोणी आहे का ते पाहत होती. पाचव्या रात्री कोणी आले नाही.

दसऱ्यानंतर परांची चढली आणि दिवाळीच्या चार दिवस आधी काम पुरे झाले. पाचही वाट्या जागेवर आहेत. रंगाऱ्याने त्यांच्याभोवती वीतभर भिंत सोडून दिली आहे. नातीची वही गल्ल्याशेजारी, दुकानाच्या वह्यांच्या गठ्ठ्यावर ठेवलेली असते आणि तिच्या पुढच्या पानावर तारखेचा रकाना आखून ठेवला आहे.