तीनशे वर्षांचे देणे

तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झाले, तेव्हा ते ठाणे जिल्ह्यात होते. २०१४ साली जिल्ह्याचे विभाजन झाले आणि ते पालघरमध्ये गेले. ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या पेढ्यांवर जे दिवे लागले, त्यांत तारापूरच्या विजेचाही अंश मिसळलेला होता. बिल भरले की व्यवहार मिटला, अशी आपली समजूत असते. परंतु या व्यवहाराची देणे-बाजू तारापूरच्या आवारात जमिनीत अद्याप शिल्लक आहे.

अणुभट्टीचे पाणी शुद्ध करताना गाळ आणि राळेचे बारीक मणी मागे राहतात. त्यांतील किरणोत्सार जाळून नष्ट होत नाही. म्हणून असा मध्यम तीव्रतेचा कचरा सिमेंटमध्ये कालवून घट्ट करतात आणि ते ठोकळे प्रबलित काँक्रीटच्या चरांत पुरतात. सिमेंट स्वस्त आहे हे खरे, पण त्याचा खरा गुण निराळा. ते तीव्र अल्कधर्मी असल्याने त्यात बरेचसे किरणोत्सारी धातू पाण्यात विरघळत नाहीत, जागीच थिजतात. सीझियम मात्र सिमेंटला दाद देत नाही. त्याला अडविण्यासाठी मिश्रणात बेंटोनाइट माती किंवा व्हर्मिक्युलाइट घालावे लागते. बोरॉनचे क्षार अधिक झाले तर सिमेंट वेळेवर घट्ट होत नाही. राळेचे मणी पाणी पिऊन फुगले तर ठोकळा तडकतो. गळक्या स्लॅबवरून कंत्राटदाराशी ज्यांनी वाद घातला आहे, त्यांना यातील मर्म सांगावयास नको!

अतितीव्र कचऱ्यास सिमेंट चालत नाही. त्याच्या उष्णतेने आणि किरणांनी सिमेंटमधील पाण्याचेच विघटन होते. तो तारापूर व तुर्भे येथे काचेत बंदिस्त केला जातो. त्यासाठी खोल भूगर्भातील कायमचे भांडार भारतात अजून झालेले नाही. कमी व मध्यम तीव्रतेच्या कचऱ्यासाठी स्वीडनने मात्र १९८८ पासून फोर्समार्क येथे समुद्रतळाखाली सुमारे ५० मीटर खडकात जागा केली आहे.

आता मुदतीचा हिशेब. सीझियम-१३७ दर ३० वर्षांनी निम्मे होते. घटत्या शिल्लकीवर घसारा काढावा, तसेच. हजार रुपयांची नोंद दहा वेळा निम्मी केली की एक रुपयाही उरत नाही. म्हणून अशा चरांवर सुमारे ३०० वर्षे पहारा ठेवावा, असे धरले जाते. प्लुटोनियम-२३९ ला निम्मे होण्यासच २४,००० वर्षे लागतात. त्याची मोठी मात्रा या खात्यात येऊच द्यायची नसते.

३०० वर्षे म्हणजे किती? तेवढ्या काळापूर्वी ठाण्यावर पोर्तुगीजांचा अंमल होता. १७३७ साली मराठे आले, १७७४ साली इंग्रज. ठाण्याच्या किल्ल्यात आज कारागृह आहे. त्या काळची मोडीतील दफ्तरे वाचू शकणारे आज किती थोडे! कोणत्या चरात काय, किती आणि केव्हा ठेवले, ही नोंदवही इतक्या सत्तांतरांतून आणि लिप्यंतरांतून टिकवायची आहे. आयुष्यभर जुनी खाती सांभाळलेल्या माणसास सिमेंटपेक्षा या कागदाची चिंता अधिक वाटते.

चरांभोवती विंधनविहिरी घेऊन भूजल नियमितपणे तपासले जाते. तारापूरच्या विस्तारासाठी पोफरण आणि अक्करपट्टीच्या लोकांनी आपली गावे सोडली. त्या पाण्याचे आकडे त्यांना, आणि त्या किनाऱ्यावर जाळी टाकणाऱ्यांना, दरवर्षी समजेल अशा मराठीत मिळावेत, ही मागणी अवाजवी म्हणता येणार नाही.