गाडीचं कुलंट कमी होतंय? आधी गळती शोधा, मग खिशात हात घाला



आपण इथे भांडवल, बिलिंग, गिऱ्हाईक यांवर बोलतो, आणि आज एकदम बॉनेट उघडतोय. कारण साधं आहे. तुमच्यातल्या बऱ्याच जणांचा धंदा चार चाकांवर उभा आहे. कोणी ईकोमधून टिफिन पोहोचवतं, कोणी छोट्या हत्तीत बेकरीचा माल टाकतं, कोणी घरच्या वॅगनआरची मागची सीट पाडून केटरिंगची भांडी नेतं. या सगळ्यांच्या वहीत पेट्रोल-डिझेलचा खर्च रोज लिहिलेला असतो. कुलंटची ओळ मात्र कुणाच्याच वहीत नसते. ते कमी झालं की नळाचं पाणी ओतायचं आणि निघायचं, हीच पद्धत.

आता हिशेब बघा. होज पाईपची क्लिप शंभर रुपयांच्या आत येते. तीच क्लिप ढिली राहिली, कुलंट संपलं, इंजिन तापलं आणि हेड गॅसकेट उडालं तर हेड उतरवावं लागतं. मग बिल पाच आकडी जाऊ शकतं. गाडी गॅरेजमध्ये उभी राहते तेवढे दिवस भाड्याचा टेम्पो, चुकलेल्या ऑर्डरी आणि गिऱ्हाइकाची नाराजी, हे वेगळंच. गळती शोधायला मेकॅनिकच लागतो असं नाही. डोळे, टॉर्च, जुना पुठ्ठा आणि थोडा धीर एवढ्यावर बरंचसं काम होतं.

कुलंट करतं काय?

साधं पाणी १०० अंशांना उकळतं. पाणी आणि इथिलीन ग्लायकॉल निम्मं-निम्मं असेल तर ते साधारण १०६-१०७ अंशांपर्यंत थांबतं. त्यावर रेडिएटरचं झाकण पूर्ण यंत्रणा दाबाखाली ठेवतं, त्यामुळे उकळण्याचा अंश १२०च्या पुढे जातो. झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा छापलेला दिसतो, तो या दाबाचा.

ही दाबाची गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. गाडी थंड असताना दाब नसतो, म्हणून बारीक भेग मिटलेली राहते आणि सगळं कोरडं दिसतं. गाडी तापली, दाब चढला की तीच भेग उघडते. "सकाळी बघितलं तेव्हा काहीच गळत नव्हतं" असं लोक म्हणतात ते खोटं नसतं. त्यांनी चुकीच्या वेळी बघितलेलं असतं एवढंच.

आणि याच दाबामुळे गरम गाडीचं झाकण कधीही उघडायचं नाही. दाब सुटला की आतलं कुलंट त्या क्षणी उकळून कारंज्यासारखं तोंडावर येतं. रेडिएटरला वेगळं झाकण नसून बाटलीलाच जाड आट्यांचं झाकण असेल, तर त्या गाडीत बाटलीसुद्धा दाबाखाली असते. किमान अर्धा-पाऊण तास थांबा. वरचा जाड पाईप हाताला गार लागला की मग जाड फडकं धरून झाकण सावकाश फिरवा.

खरंच गळती आहे का?

गाडीखाली पाणी दिसलं की घाबरू नका. एसी लावला असेल तर साधारण डाव्या सीटच्या खाली स्वच्छ, बिनवासाचं पाणी ठिबकणारच. ते हवेतलं बाष्प आहे. कुलंट हिरवं, गुलाबी, निळं किंवा नारंगी असतं, बोटाला किंचित बुळबुळीत लागतं आणि वास गोडसर येतो. चाखून बघायचं नाही. इथिलीन ग्लायकॉल विषारी आहे. गोड असल्यामुळे कुत्री-मांजरं ते चाटतात, म्हणून सांडलेलं लगेच पुसून घ्या आणि काढलेलं कुलंट गटारात ओतू नका.

एक सवय आजपासून लावा. सकाळी, गाडी सुरू करण्याआधी, बाटलीवर कुलंटच्या पातळीला मार्करने रेघ मारा आणि वहीत तारीख व किलोमीटर लिहा. गरम गाडीत पातळी वर चढते, त्यामुळे संध्याकाळच्या आकड्याला अर्थ नाही. आठवड्याभरात रेघेपासून बोटभर खाली गेलं तर गळती आहे असं धरून चालायचं. मेकॅनिककडे जायची वेळ आली तरी "कमी होतंय" यापेक्षा "४०० किलोमीटरमध्ये बोटभर कमी झालं" हे वाक्य त्याच्या कामाचं असतं. असं बोलणाऱ्या गिऱ्हाइकाला नको ते पार्ट सहसा कोणी बदलून देत नाही, हा आणखी एक फायदा.

गळती कुठे आहे?

रात्री सपाट जागी गाडी लावा आणि खाली मोठा कोरडा पुठ्ठा सरकवा. सकाळी डाग कुठे पडलाय ते बघा. डाग अगदी पुढे असेल तर रेडिएटर किंवा त्याचे पाईप. इंजिनच्या पट्ट्याच्या बाजूला असेल तर वॉटर पंपावर संशय. ईकोसारख्या गाडीत इंजिन पुढच्या सीटखाली आणि रेडिएटर पुढे नाकात असतो, म्हणून मधल्या पाईपांची वाटही तपासायची. थेंब मात्र पाईपावरून ओघळत लांब जाऊन पडतो, त्यामुळे पुठ्ठ्यावरचा डाग फक्त गल्ली दाखवतो, घर नाही.

घर शोधायला टॉर्च घ्या. कुलंट सुकलं की मागे पांढरट, हिरवट किंवा गुलाबी पापडी राहते, आपल्याकडे बोअरच्या पाण्याच्या नळाला क्षार धरतात तशी. प्रत्येक पाईपचं टोक, प्रत्येक क्लिप, रेडिएटरच्या वरच्या-खालच्या टाकीची कड बघा. पाईप हाताने दाबून बघा. निरोगी पाईप घट्ट पण लवचिक असतो. चिखलासारखा मऊ, दगडासारखा कडक किंवा वाकवल्यावर भेगा दाखवणारा पाईप बदलायला झालेला असतो.

तरीही सापडलं नाही तर संशयाच्या जोडांभोवती कोरडा टिश्यू पेपर गुंडाळून ठेवा. तो फिरणाऱ्या पट्ट्यापासून, पंख्यापासून आणि सायलेन्सरकडच्या गरम पाईपापासून लांबच हवा. पंधरा-वीस मिनिटं गाडी फिरवून आणा, बंद करा आणि लगेच बघा. आता दाब पूर्ण आहे. फक्त बघायचं, हात लावायचा नाही. इलेक्ट्रिक पंखा चावी काढल्यावरही अचानक सुरू होऊ शकतो, म्हणून बोटं आणि ओढणी-मफलर लांब. आणि गाडीखाली शिरायचं असेल तर नुसत्या जॅकच्या भरवशावर शिरू नका, खाली स्टँड हवाच.

बऱ्याच गॅरेजमध्ये हातपंपासारखं प्रेशर टेस्टर असतं. ते झाकणाच्या जागी बसवून थंड गाडीतच झाकणावर छापलेल्या आकड्याइतका दाब देतात. काटा दहा-पंधरा मिनिटं जागेवर राहिला तर बाहेर गळती नाही, खाली आला तर आहे. गॅरेजला जाणार असाल तर "जरा बघा हो" असं सांगण्यापेक्षा "प्रेशर टेस्ट करून दाखवा" असं सांगा, आणि जवळ उभे राहा.

बाहेर कुठेच थेंब नाही आणि कुलंट तरी कमी होतंय, ही खरी काळजीची गोष्ट. पायाखालचं मॅट चिकट-ओलं, काचेवर आतून तेलकट धुकं आणि गाडीत गोड वास असेल तर हीटरची जाळी गळतेय. सायलेन्सरमधून गाडी गरम झाल्यावरही गोड वासाचा पांढरा धूर, ऑइलच्या डिपस्टिकवर दुधाळ थर, किंवा थंड गाडी सुरू करताच रेडिएटरमध्ये थांबत नसलेले बुडबुडे, यातलं काही दिसलं तर हेड गॅसकेटचा संशय घ्या. तिथे घरचं काम संपलं. गाडी चालवत नेऊ नका, टो करून न्या.

घरी काय करता येईल?

तीन कामं तुम्ही नक्की करू शकता: क्लिप, पाईप आणि झाकण.

क्लिप ढिली असेल तर थंड गाडीत स्क्रू ड्रायव्हरने आवळा. पण समोरची नळी प्लास्टिकची असेल तर जोर लावून तिला तडा घालू नका. पाईप टोकालाच फाटला असेल आणि लांबीला सैल असेल, तर टोकाचे एक-दोन सेंटिमीटर सरळ कापून पुन्हा बसवता येतो. नळीवरची जुनी पापडी आधी घासून काढा, नाहीतर नवा पाईपही झिरपतो. नळीच्या टोकाला थोडा उंचवटा असतो, क्लिप त्या उंचवट्याच्या मागे बसली पाहिजे, त्यावर नाही. मध्येच फाटलेला पाईप मात्र बदलाच. टेप गुंडाळणं हे फक्त गॅरेजपर्यंत पोहोचण्यापुरतं.

झाकण हा सगळ्यात दुर्लक्षित पार्ट. त्याचं रबर कडक झालं की दाब धरत नाही आणि कुलंट बाटलीतून बाहेर ओसंडतं. थंड झाल्यावर बाटलीतलं कुलंट परत रेडिएटरमध्ये ओढून घेणारी छोटी झडपही याच झाकणात असते. बाटली भरलेली पण रेडिएटर रिकामा, असं दिसलं तर आधी झाकणावर संशय घ्या. नवं घेताना जुन्यावरचा आकडा जुळवून घ्या. जास्त दाबाचं "दणकट" झाकण लावलं तर जुने पाईप फाटतील.

वॉटर पंपाला खाली एक बारीक भोक असतं. त्यातून थेंब येत असेल तर आतलं सील गेलं आहे. ते भोक एम-सीलने बुजवणारे महाभाग असतात. ते मुद्दाम ठेवलेलं असतं, पंप बदला हे सांगायला. ॲल्युमिनियमची जाळी आणि प्लास्टिकची टाकी असलेला रेडिएटर जोडावर गळायला लागला की नवा घेणंच परवडतं. जुन्या तांब्या-पितळेच्या रेडिएटरला मात्र चांगला कारागीर डाग देऊन वर्षानुवर्षं चालवून देतो. असा कारागीर गावात असेल तर त्याचा नंबर जपून ठेवा.

आता हळद. रेडिएटरमध्ये मूठभर हळद टाकण्याचा हायवेवरचा उपाय आणि दुकानातलं स्टॉप-लीक, दोन्हींचं तत्त्व एकच: भोक बुजवणारा गाळ आत सोडायचा. अडचण अशी की त्या गाळाला तुमचं भोक कोणतं आणि हीटरची बारीक नळी कोणती हे कळत नाही. रात्री घाटात अडकलात आणि दुसरा इलाज नाही, तर ठीक. पण धंद्याच्या गाडीत रोजचा उपाय म्हणून मी ते कधीच सुचवणार नाही.

परत भरताना

कोणतं कुलंट हे गाडीच्या पुस्तकात बघा. रंगावरून ठरवू नका, एकाच रंगात वेगवेगळ्या जातीची कुलंट येतात. घट्ट कुलंट असेल तर निम्मं डिस्टिल्ड वॉटर घाला. तयार मिश्रण असेल तर पाणी मिसळायचं नाही. बोअरचं पाणी टाकलंत तर क्षार जाळीत बसणार.

भरताना आत हवा अडकते, आणि हवेचा फुगा असला की कुलंट पूर्ण असूनही गाडी तापते. गाडीचं तोंड थोडं चढावर ठेवा, थंड गाडीत झाकण काढून हळूहळू भरा, हीटर पूर्ण गरमवर लावून इंजिन आयडलवर ठेवा. बुडबुडे येतील, पातळी खाली जाईल, तसं भरत राहा. कुलंट वर उसळायला लागण्याआधी झाकण लावा. मग पंखा एकदा सुरू होऊन बंद होईपर्यंत इंजिन चालू द्या. बाटलीलाच दाबाचं झाकण असलेल्या काही गाड्यांत हवा काढायचा वेगळा स्क्रू असतो, तिथे पुस्तकातली पद्धतच वापरा. दुसऱ्या दिवशी सकाळी पातळी पुन्हा तपासा, ती थोडी उतरलेली असतेच.

रस्त्यात काटा चढलाच तर एसी बंद, हीटर पूर्ण चालू आणि जागा मिळताच गाडी बाजूला. तापलेल्या इंजिनावर थंड पाणी ओतू नका, धातूला तडा जाऊ शकतो. आणि काटा अचानक खाली आला म्हणून खूश होऊ नका. कुलंट पूर्ण संपलं की सेन्सर कोरडा पडतो आणि काटा खोटं बोलायला लागतो.

जुनी गाडी घेऊन धंदा सुरू करणार असाल तर

व्हिडिओखाली सगळ्यात जास्त विचारणा याचीच असते. गाडी बघायला सकाळी जा आणि मालकाला आधीच सांगा की इंजिन गरम करून ठेवू नका. पोहोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा, गरम लागलं तर का तापवली ते विचारा. गार असेल तर झाकण उघडून आत बोट फिरवा. स्वच्छ रंगीत कुलंट असेल तर उत्तम. नुसतं पाणी किंवा गंजाचं तपकिरी पाणी म्हणजे कुलंटकडे बरेच दिवस कुणी बघितलेलं नाही. बोटाला गाळ लागला तर गळती दाबून गाडी विकायला काढली असण्याची शक्यता आहे. वर तेलाचा तवंग दिसला तर पाहणी तिथेच थांबवा, किंमत कितीही कमी होऊ दे. बाकी सगळं ठीक असेल तर वीस मिनिटं चालवून बघा, त्यातली काही मिनिटं चढावर, एसी लावून. परत आल्यावर गाडी त्याच जागी उभी करून चहा घ्या, आणि चहा संपला की वाकून खाली बघा. रंगीत थेंब दिसला आणि तो क्लिपचा किंवा पाईपचा निघाला, तर तेवढा खर्च भावातून वजा करून मागा.