अंबरनाथचं देऊळ आणि वेशीवरचे दगड

महाशिवरात्रीला आपण अंबरनाथच्या जत्रेला जातो, पायऱ्या उतरून गाभाऱ्यात पिंडीचं दर्शन घेतो. वालधुनी नदीकाठचं हे देऊळ साडेनऊशे वर्षांहून जुनं आहे. हे कशावरून कळलं? देवळातल्या शिलालेखावरून! शके ९८२, म्हणजे इ.स. १०६० हे साल आणि शिलाहार राजा मम्वाणीचं नाव त्यात कोरलंय. ती अक्षरं पुसली असती, तर देवळाचं वय कोण सांगणार होतं?

आपल्याकडे कितीतरी गावांच्या वेशीवर वीरगळ असतात. लढाईत पडलेल्या वीराची ती आठवण. त्यावर कपडे आपटू नयेत, ऑइलपेंट फासू नये. हळदकुंकू वाहायचं तर पायाशी वाहूया. कोरीवकाम मात्र आपल्या नातींसाठी तसंच राहू दे.