वांद्रे पूर्व : लेखक-कलावंतांच्या वसाहती

वांद्रे म्हटले की सामान्यतः रेल्वेमार्गाच्या पश्चिमेकडील जुनी ख्रिस्ती गावठाणे, माउंट मेरीचे चर्च आणि चित्रपटतारकांचे बंगले आठवतात; परंतु मराठी वाङ्मयीन आणि सार्वजनिक जीवनाच्या दृष्टीने रेल्वेच्या पूर्वेकडील, मिठी नदीच्या खाजणालगतचा भाग अधिक महत्त्वाचा आहे. खाजण म्हणजे भरतीचे खारे पाणी शिरते अशी सखल, दलदलीची जमीन. मुंबईच्या महापालिकेची हद्द १९५० मध्ये उपनगरांत वाढली, तरी त्यानंतरही बराच काळ ही बाजू शहराच्या कडेचीच मानली जात असे, आणि म्हणूनच मध्यमवर्गीय पगारदारांच्या वसाहतींना येथे जागा मिळू शकली.

या वसाहतींमागे सहकारी गृहनिर्माणाची कल्पना होती, म्हणजे सभासदांनी एकत्र येऊन संस्था नोंदवायची, भागभांडवल आणि कर्ज उभे करायचे आणि इमारतींची मालकी संस्थेकडे ठेवून प्रत्येकाने आपल्या घरात राहायचे. मुंबईत ही पद्धत १९१५ मध्ये गावदेवीच्या सारस्वत संस्थेने रुजवली होती. पूर्व वांद्र्यात मात्र तिला व्यवसायबंधुत्वाची जोड मिळाली आणि चित्रकारांचे कलानगर, पत्रकारांचे पत्रकारनगर व लेखकांचा साहित्य सहवास अशा वसाहती शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. एका परिसरात इतकी नामवंत माणसे एकवटली याला अनेकदा योगायोग म्हटले जाते, पण ते बरोबर नाही. त्यामागे विचारपूर्वक केलेली योजना होती.

साहित्य सहवास अनंत काणेकर प्रभृतींच्या पुढाकाराने साकारला. तेथील ‘उषःकाल’ इमारतीचे नाव हरिभाऊ आपट्यांच्या कादंबरीवरून, तर ‘झपूर्झा’चे केशवसुतांच्या कवितेवरून आले आहे. येथील रहिवाशांत विंदा करंदीकरांचे स्थान सर्वांत वरचे मानावे लागेल, कारण इंग्रजीचे अध्यापन करता करता त्यांनी एकीकडे ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्र, ‘फाउस्ट’ आणि ‘राजा लिअर’ मराठीत आणले, तर दुसरीकडे मुलांसाठी ‘राणीची बाग’ लिहिली. ‘अष्टदर्शने’ या संग्रहात त्यांनी आठ तत्त्वज्ञांचे विचार अभंगात बांधले. वि. स. खांडेकर आणि कुसुमाग्रज यांच्यानंतर ज्ञानपीठ पुरस्कार मिळालेले ते तिसरे मराठी साहित्यिक होत. नवकथेचे, म्हणजे घटनेपेक्षा मनोव्यापारांना प्राधान्य देणाऱ्या कथेचे, एक प्रवर्तक गंगाधर गाडगीळ अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते आणि ग्राहक चळवळीतही त्यांनी मनापासून काम केले. समीक्षक म. वा. राजाध्यक्ष आणि ‘मर्ढेकरांची कविता’ या ग्रंथासाठी साहित्य अकादेमीचा पुरस्कार मिळवणाऱ्या विजया राजाध्यक्ष हे दांपत्यही येथलेच. वसाहत मराठी लेखकांची असली तरी तिची दारे इतर भाषांना बंद नव्हती, ही गोष्ट आवर्जून नोंदवण्याजोगी आहे : ‘अंधा युग’चे नाटककार आणि १९६० पासून १९८७ पर्यंत ‘धर्मयुग’ हे हिंदी साप्ताहिक सांभाळणारे संपादक धर्मवीर भारती याच आवारात राहत असत.

‘उषःकाल’मध्ये कीर्ती महाविद्यालयातील मराठीचे प्राध्यापक आणि कवी रमेश तेंडुलकर यांचे घर होते. त्यांचा धाकटा मुलगा सचिन याच वसाहतीच्या आवारात टेनिसच्या चेंडूने खेळत वाढला, थोरला भाऊ अजित याने त्याला शिवाजी पार्कवर क्रिकेट प्रशिक्षक रमाकांत आचरेकरांकडे नेले, आणि नियमित सरावासाठी सचिन पुढे शाळाही बदलून दादरच्या शारदाश्रमात गेला. आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये शंभर शतके करणाऱ्या या खेळाडूच्या जडणघडणीचे श्रेय साहजिकच आचरेकरांना दिले जाते, परंतु मुलाने अभ्यासाचा रूढ मार्ग सोडून खेळाचा धरला तरी त्याला अडवायचे नाही हा प्राध्यापक पित्याचा निर्णय तितकाच मोलाचा होता.

कलानगराची ओळख चित्रकलेपेक्षा राजकारणामुळे अधिक पसरली. व्यंगचित्रकार म्हणून नाव कमावलेले, १९६० मध्ये ‘मार्मिक’ साप्ताहिक आणि १९६६ मध्ये शिवसेना स्थापन करणारे बाळ ठाकरे येथे राहावयास आल्यावर त्यांचे ‘मातोश्री’ हे निवासस्थान राज्याच्या सत्ताकारणाचे एक केंद्र बनले आणि १७ नोव्हेंबर २०१२ रोजी त्यांचे निधन झाले तेही तेथेच.

याच वसाहतींच्या बाजूचे खाजण भरून मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने, म्हणजे १९७५ मध्ये स्थापन झालेल्या सरकारी नियोजनसंस्थेने, वांद्रे-कुर्ला संकुल उभारले. त्यात बँका, शेअरबाजार, हिरेव्यापार आणि परदेशी वकिलाती आल्या, जमिनीचे भाव सर्वस्वी बदलले, आणि प्राध्यापकाच्या पगारावर कर्ज फेडून या परिसरात नवे घर घेणे अशक्य झाले. सार्वजनिक जमिनीचा एक तुकडा लेखकांना मिळाला होता तेव्हा तेथे कविता आणि समीक्षा लिहिली गेली. त्याच खाडीकाठची पुढची जमीन कार्यालयांकडे गेली, आणि तिच्यावर लेखकांची दुसरी वसाहत काही उभी राहिली नाही.