तंबू खरंच गळतो का?

दिवाळी सरली की राजमाची, भंडारदरा, हरिश्चंद्रगडाचा परिसर इथे मुक्कामाला जाणाऱ्यांची वर्दळ वाढते. पहाटे उठल्यावर अनेकांची तक्रार एकच असते: रात्रभर आभाळ स्वच्छ होतं, तरी तंबू गळला! मग विकणाऱ्याला बोल लावला जातो, पुढच्या हंगामात महागडा तंबू येतो आणि तोही आतून ओला होतो.

कारण ते पाणी पावसाचं नसतंच. झोपलेली माणसं श्वासातून आणि घामातून रात्रभर वाफ सोडत असतात. निरभ्र रात्री तंबूचं कापड बाहेरच्या हवेपेक्षाही गार पडतं आणि ती वाफ त्याच्या आतल्या बाजूला दवासारखी साठते. थंडी वाजते म्हणून झरोके आणि चेन गच्च बंद केल्या, की पाणी वाढतं. तलावाच्या अगदी काठाशी तर फारच, कारण तिथली हवा आधीच दमट असते आणि उताराची गार हवाही सखल भागात येऊन साचते. म्हणून काठापासून थोडं वर, वारा खेळेल अशी जागा निवडावी आणि झरोके उघडेच ठेवावेत. तंबू दुहेरी असावा: आत जाळी किंवा विरळ कापड, त्यावर सुटं फ्लाय. फ्लाय नीट ताणलेलं असेल तर दोन थरांमधून हवा फिरते आणि जमलेलं पाणी अंगावर न येता बाजूने ओघळून जातं.

थंडीचं म्हणाल, तर ती जमिनीतून जास्त चढते. तिला कॅरीमॅट अडवते; बंद चेन नाही.

लेबलवरच्या ‘३००० मिमी’ या आकड्याचा पावसाच्या नोंदीशी काही संबंध नाही. तीन मीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाचा दाब कापड सोसतं, एवढाच त्याचा अर्थ. गुडघा टेकला की तळावर पावसाच्या थेंबापेक्षा कितीतरी जास्त दाब येतो, म्हणून तळाचा आकडा मोठा लागतो. शिवाय आकडा असतो कापडाचा. पाणी शिरतं शिवणीतून. घेताना फ्लाय उलटं करून शिवणींवर आतून पट्टी चिकटवलेली आहे का, ते जरूर पाहावं. खाली अंथरलेलं प्लॅस्टिक तंबूबाहेर डोकावत असेल, तर तेच पावसाचं पाणी तळाखाली ओढून आणतं. ते आत दुमडून घ्यावं.

‘दोन माणसांचा’ म्हणजे ऐसपैस, हीसुद्धा समजूतच. असे तंबू बहुधा १२० ते १४० सेंटिमीटर रुंद असतात आणि नेहमीची मॅट सुमारे ५० सेंटिमीटरची. दोन मॅट पसरल्या की सॅकला जागा उरत नाही. दोघांनी तिघांचा घेणं शहाणपणाचं.

सह्याद्रीत आणखी एक गोष्ट बघावी लागते. कातळावर खुंटी शिरत नाही. तिथे खांबांच्या आधारावर आपला आपण उभा राहणारा तंबू हवा. दोर मोठ्या दगडांना बांधता येतात. हलक्या वाऱ्यातही ते दोर बांधायचेच. आणि पाणी वळवायला तंबूभोवती चर खणण्याची जुनी सवय आता सोडायलाच हवी. त्याने माती सुटते, गडावर तर वारशाचीच नासधूस होते. किंचित उंचवटा निवडला की चराची गरजच पडत नाही.

तंबू सर्वात जास्त खराब होतो तो घरी, पिशवीत. ओला गुंडाळून माळ्यावर टाकला की बुरशी धरते आणि आतला पॉलियुरेथेनचा थर दमटपणाने हळूहळू विघटित होऊन चिकट होतो, सोलवटतो, वास मारतो. कोकणात आणि मुंबईत हे लवकर घडतं. घरी आल्याबरोबर तो सावलीत पूर्ण वाळवावा. कडक उन्हातल्या अतिनील किरणांनी नायलॉन, पॉलिएस्टरचे धागे कमजोर होतात. धुलाईयंत्रात तो कधीच घालू नये. स्पंज, साधं पाणी, फार तर सौम्य साबण पुरे.

उरला तो सर्वात घातक गैरसमज: झरोका उघडा असला की आत शेगडी चालते. ज्वाळा विझल्यानंतरही निखारे कार्बन मोनॉक्साइड सोडत राहतात. त्याला रंग नाही, वास नाही. झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. शेगडी असो वा गॅसचा स्टोव्ह, तंबूबाहेरच पेटवा आणि निखारे ऊब म्हणूनसुद्धा आत आणू नका.