नरक्याच्या पोटातली बुरशी

सह्याद्रीतून चोरून तोडून नेलेल्या नरक्याबद्दल बरीच वर्षं ऐकत होते. या झाडात कॅम्प्टोथेसिन असतं. कर्करोगावरची टोपोटेकन आणि इरिनोटेकन ही औषधं त्याच्यापासूनच निघाली, म्हणून तर बुंध्यावर कुऱ्हाड पडते. झाडाच्या आत राहणारी एक बुरशीही तेच द्रव्य बनवते असं कळलं, तेव्हा ते काम बघायला गेले.

प्रयोगशाळेत शिरताच नरक्याचा कुबट वास आला. पीएच.डी. करणारी एक मुलगी फांदीचे नखाएवढे तुकडे करत होती. स्पिरिट, मग सोडियम हायपोक्लोराइट, मग निर्जंतुक पाणी. बाहेरचं सगळं मरायला हवं आणि आतलं जगायला हवं. शेवटच्या धुण्याचं पाणी तिनं वेगळ्या बशीत पसरलं. "मॅडम, या बशीत काही उगवलं तर आजचं काम फुकट." मग तुकडे बटाट्याच्या अर्काच्या आगरवर मांडले.

आधीच्या आठवड्यातल्या बश्या तिनं उजेडात धरल्या. साल कोरडी होती, पण कापलेल्या कडेतून सायीसारखा पांढरा थर बाहेर सरकला होता. ती टोकाचा तंतू सुईनं उचलून नव्या बशीत ठेवत होती, श्वास रोखून. पुढे द्रवात वाढवायचं, इथाइल अ‍ॅसिटेटनं अर्क काढायचा, तपासायचा. इथाइल अ‍ॅसिटेटच्या उग्र वासाखालूनही नरक्याचा वास येतच होता.

कॅम्प्टोथेसिन 1966 मध्ये अमेरिकेत मन्रो वॉल आणि आपल्या नंदुरबारचे मनसुख वाणी यांनी एका चिनी झाडातून वेगळं केलं. पश्चिम किनाऱ्यावरच्या नरक्याच्या आतल्या सालीतली बुरशी ते बनवते, हे जम्मूच्या संशोधकांनी 2005 मध्ये दाखवलं. तेव्हा वाटलं, झाड सुटलं.

"सातव्या पिढीत बघा," ती म्हणाली. जर्मनीत त्या चिनी झाडातल्या बुरशीच्या सात पिढ्या बशीत वाढवल्या आणि द्रव्य घटत गेलं. ते बनवण्याच्या साखळीतलं एक एन्झाइम बुरशीकडे नाहीच, ते झाडाचं आहे. सातवी पिढी हे शब्द ती पुन्हा पुन्हा उच्चारत होती.

त्यामुळे फ्लास्क झाडाची जागा घेईल, यावर माझा विश्वास बसत नाही. ताज्या बुरशीसाठी तिला परवानगी काढून पुन्हा जंगल गाठावं लागतं. गेल्या खेपेला ज्या झाडाची फांदी आणली, तिथं यंदा नुसता बुंधा होता. तिच्या प्रकल्पात फ्लास्कना, रसायनांना पैसे आहेत. झाडं राखायला एक रुपयाही नाही.