अडीच हजार वर्षांची शीट

फ्लोरिडात सेंट पीटर्सबर्गजवळ बाल्ड ईगलच्या जोडीने, आणि बहुधा तिच्या वारसदारांनी, काड्या रचत रचत २.९ मीटर रुंद आणि ६ मीटर खोल घरटं उभं केलं. १९६३ मध्ये मोजमाप झालं, तेव्हा त्याचं वजन दोन टनांवर असल्याचा अंदाज निघाला. तेही झाडावर!

पण मला जास्त चक्रावून टाकतो तो ग्रीनलंडचा जिरफाल्कन. जगातला हा सर्वांत मोठा ससाणा घर बांधण्याच्या बाबतीत मात्र पक्का आळशी, स्वतः एक काडी आणत नाही. कड्यातली कपार गाठायची, नाहीतर डोमकावळ्याचं जुनं घरटं बळकावायचं, की झाला संसार. मागे उरते शीट, थोडी पिसं आणि पिल्लांना भरवलेल्या पाखरांची हाडं.

ऑक्सफर्डचे कर्ट बर्नहम आणि त्यांचे सहकारी नेमके या शिटेच्या मागे लागले. थिजून घट्ट झालेल्या थरांतले नमुने त्यांनी कार्बन पद्धतीने तपासले. २००९ मध्ये निष्कर्ष छापून आले: कांगरलुसुआक भागातल्या एका कपारीतली शीट २,३६० ते २,७४० वर्षांपूर्वीची! आणखी तीन जागा हजार वर्षांहून जुन्या.

अजिंठ्याची सर्वांत जुनी लेणी इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकातली. तिथे पहिली छिन्नी पडली, त्याच्या निदान दोनशे वर्षं आधी या कपारीत ससाण्याची पिल्लं शिटत होती. मधल्या काळात ती काही वर्षं ओस पडली असेलही. पण एका जोडीने दहा वर्षं नांदवली असं धरलं, तरी हिशेब सव्वादोनशे जोड्यांच्या पुढे जातो. हे टिकलं ते तिथल्या कोरड्या थंडीमुळे. सह्याद्रीच्या कड्यावर पहिल्याच आषाढात सगळं धुऊन निघालं असतं.

कॅनडाच्या एल्समिअर बेटावर लांडग्यांच्या एका गुहेपाशी सापडलेली हाडंही अशीच जुनी, सुमारे ७८० वर्षांची. जमीन बारमाही गोठलेली, बीळ खणणं जिकिरीचं. आयती गुहा कोण सोडेल? तरी संशोधक डेव्हिड मीच आणि जेन पॅकार्ड यांनी १९९० च्या टिपणात शतकानुशतकांच्या वापराची फक्त शक्यता मांडली. बरोबरच आहे. जुनं हाड कुणीही, कधीही, कुठूनही उचलून आणू शकतं. शीट मात्र पक्षी तिथे येऊन बसल्याशिवाय पडत नाही.